फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ एकत्र कमी का होतात? – एलमॅन-१ या जनुकाविषयी

कृष्णाकाठ

माझ्या मावसबहिणीची मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिची किडलेली दाढ काढली आणि पुढचे तीन दिवस रक्त थांबेना. कापसाचा बोळा दाबून धरला की थोडा वेळ थांबे आणि रात्री झोपेत उशीचा अभ्रा पुन्हा लाल होई. लहानपणापासून तिचा घोळणा फुटतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून कांदा हुंगवणे आणि टाळूवर गार पाणी थापणे यापलीकडे कोणी गेले नव्हते.

दाढेच्या प्रसंगानंतर रक्ताची तपासणी झाली. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एक तपासणी) बरेच वाढलेले होते, म्हणून फॅक्टर ८ हे रक्त गोठवणारे प्रथिन मोजले आणि ते १६ टक्के निघाले. कागदावर ‘सौम्य हिमोफिलिया ए’ असे लिहून मिळाले. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हिमोफिलिया क्ष गुणसूत्रावरून येतो आणि बहुतेक वेळा मुलग्यांना होतो, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. या मुलीच्या वडिलांना रक्तस्रावाचा कसलाही त्रास नाही, आजोबा-मामांनाही नाही. वाहक स्त्रियांमध्ये फॅक्टर ८ कधी कधी कमी आढळतो हे खरे आहे, पण त्याच अहवालात पीटीसुद्धा (गोठण्याच्या वेळेची तशीच दुसरी तपासणी) वाढलेला होता आणि फॅक्टर ८ कितीही कमी असला तरी त्याने पीटी वाढत नाही. ती ओळ आम्हां सगळ्यांच्या नजरेतून निसटली. पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवले आणि फॅक्टर ५ मोजायला सांगितला. तो १३ टक्के होता. पुढे जनुकीय तपासणीत एलमॅन-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष सापडला.

याविषयी मराठीत वाचायला काही मिळेल म्हणून शोधले आणि हाती काहीच लागले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मला जे समजले ते आधी मांडते. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

फॅक्टर ५ चे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि फॅक्टर ८ चे क्ष गुणसूत्रावर. या मुलीची ती दोन्ही जनुके धडधाकट आहेत. तिच्या पेशी दोन्ही प्रथिने तयार करतात, पण ती पेशीबाहेर पुरेशी पोहोचत नाहीत, कारण त्यांना आंतर्द्रव्यजालिकेतून (पेशीतील ज्या जाळ्यात ती तयार होतात तेथून) उचलून गॉल्गी संकुलाकडे (त्यांना पुढे पाठवणाऱ्या भागाकडे) नेणारे प्रथिन तिच्याकडे नाही. त्या नेणाऱ्या प्रथिनाचा नमुना अठराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एलमॅन-१ या जनुकात असतो.

हा आजार प्रथम १९५४ साली नोंदला गेला. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर ओएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन सख्ख्या भावांमध्ये फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ दोन्ही कमी आढळले होते. एका घरात दोन वेगळे दुर्मीळ आजार योगायोगाने एकत्र आले असावेत, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. परंतु तशीच कुटुंबे पुढे अनेक देशांत सापडत गेली आणि योगायोगाचा आधार उरला नाही. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरच्या जनुकांची प्रथिने एकाच वेळी कमी होतात, याचा अर्थ त्यांच्या वाटेत कोठेतरी एक सामायिक ठिकाण असले पाहिजे. ते ठिकाण सापडायला १९९८ साल उजाडावे लागले.

निळे_टोपण

कृष्णाकाठ ताई, तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. मी रक्त गोठण्याच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काम करत आहे, त्यामुळे जनुकापेक्षा नमुन्याबद्दल अधिक अधिकाराने बोलू शकतो.

पीटी आणि एपीटीटी या दोन तपासण्या म्हणजे एकाच नदीला मिळणाऱ्या दोन ओढ्यांची मोजणी आहे, असे मी नव्या मुलांना सांगतो. फॅक्टर ८ फक्त एपीटीटीच्या ओढ्यात आहे. फॅक्टर ५ मात्र संगमाच्या खाली आहे, म्हणून तो कमी झाला की दोन्ही वेळा वाढतात. फॅक्टर ८ कमी आणि पीटीही लांबलेला, हे एकत्र दिसले की फॅक्टर ५ मोजल्याशिवाय त्या रुग्णाची फाइल बंद करू नये, हे माझे ठाम मत आहे.

यात एक मोठी खोच आहे, आणि ती सगळ्यांना कळावी असे मला मनापासून वाटते. फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ हे दोन्ही नाजूक घटक आहेत. रक्त काढून नळी तशीच टेबलावर पडून राहिली, किंवा तालुक्याच्या गावाहून दुपारच्या उन्हात मोटारसायकलवरून आली, तर हेच दोन घटक सर्वांत आधी घसरतात. म्हणजे शिळा नमुना हुबेहूब या दुर्मीळ आजारासारखा दिसू शकतो! निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट (रक्त गोठू न देणारे रसायन) असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावे लागते. नळी रेषेपर्यंत भरली नसेल तर सायट्रेट जास्त होते आणि पीटी, एपीटीटी दोन्ही खोटे वाढतात. म्हणून आमच्याकडे असा निकाल आला की आम्ही रुग्णाला पुन्हा बोलावतो, समोर रक्त काढतो, लगेच नळी फिरवून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वेगळा करतो आणि त्याच तासाभरात मोजतो. नमुना दूर पाठवायचा असेल तर प्लाझ्मा गोठवून, शुष्क बर्फात ठेवूनच पाठवतो.

त्यानंतर रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून पाहतो. वेळ पूर्ववत झाली तर घटक कमी आहेत, आणि झाली नाही तर घटकांना अडवणारे काही रक्तात आहे, असा अर्थ निघतो. यकृताच्या आजारात फॅक्टर ५ घसरतो, पण फॅक्टर ८ सहसा घसरत नाही, उलट कित्येकदा वाढलेला असतो. के जीवनसत्त्व कमी पडले तर २, ७, ९ आणि १० हे घटक कमी होतात, ५ आणि ८ होत नाहीत. प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन व्यवस्थित असताना फक्त ५ आणि ८ कमी, असे चित्र ताज्या नमुन्यात दुसऱ्यांदा दिसले, तर या जनुकाकडे वळायचे.

पेशीजाल

मी पेशीतील प्रथिनवाहतुकीवर संशोधन करते, म्हणून या जनुकाच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते.

पेशीबाहेर जाणारे जवळजवळ प्रत्येक प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत तयार होते, तेथे त्याची घडी बसते आणि त्याच्यावर बहुधा शर्करेच्या साखळ्या चढतात. त्या साखळ्यांमध्ये मॅनोज नावाची शर्करा भरपूर असते. घडी नीट बसलेल्या प्रथिनांनी जालिकेच्या ठरावीक जागी गोळा व्हायचे, तेथे कॉप-२ नावाच्या प्रथिनांच्या आवरणाने पटलाचा फुगवटा तयार होऊन त्याची पुटिका (इवलीशी पिशवी) सुटायची आणि ती गॉल्गीकडे जायची, असा हा क्रम आहे. पुटिकांमधून चालणाऱ्या या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सूडॉफ यांना २०१३ चा नोबेल पुरस्कार मिळाला होता.

पुष्कळ प्रथिने या पुटिकांमध्ये प्रवाहाबरोबर आपोआप शिरतात. फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ यांचे तेवढ्यावर भागत नाही. ही दोन्ही अवाढव्य प्रथिने आहेत, प्रत्येकी दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची. दोघांची रचनाही सारखी आहे, कारण एकाच पूर्वज जनुकातून ती आली आहेत. दोघांच्या मधोमध ‘बी’ नावाचा लांबलचक भाग आहे आणि त्यावर शर्करेच्या साखळ्यांची गर्दी आहे. एलमॅन-१ चे प्रथिन पटलात रुतलेले असते. त्याचे डोके जालिकेच्या आतल्या पोकळीत असते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने ते मॅनोज पकडते. शेपूट बाहेर, पेशीद्रवात असते.

त्या शेपटीकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. हे प्रथिन ५१० अमिनो आम्लांचे आहे आणि त्यांतील शेवटची चार आम्ले म्हणजे लायसिन, लायसिन, फेनिलअ‍ॅलनिन, फेनिलअ‍ॅलनिन. अगदी टोकाची फेनिलअ‍ॅलनिनची जोडी कॉप-२ ला चिकटते, म्हणजे ती जाण्याची खूण आहे. तिच्या आधीची लायसिनची जोडी कॉप-१ या दुसऱ्या आवरणाला चिकटते, म्हणजे ती परतीची खूण आहे. एवढ्या चार आम्लांवर या प्रथिनाचे आयुष्यभराचे येणे-जाणे चालते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्या चार अक्षरांकडेच पाहत बसले होते.

उचललेला माल पुढे सोडायचा कसा, हा प्रश्न उरतो. जालिकेत आम्लता जवळजवळ उदासीन असते आणि कॅल्शियम मुबलक असते. जालिका आणि गॉल्गी यांच्या मध्ये नळ्या आणि पुटिकांचा एक पुंजका असतो, तेथे आम्लता किंचित वाढते. तेवढ्या फरकाने एलमॅन-१ ची कॅल्शियमवरची पकड सैल होते, मॅनोज सुटते, प्रथिन पुढे जाते आणि हे रिकाम्या हाताने मागे फिरते.

हा मधला पुंजका शाळेच्या पुस्तकातील आकृतीत नसतो. तो ओळखता आला तोच मुळी या प्रथिनामुळे. बाझेल येथे हान्स-पीटर हाउरी यांच्या गटाने १९८८ मध्ये एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने ५३ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन दाखवले आणि ते जालिकेतही नव्हते, गॉल्गीतही नव्हते, या दोहोंच्या मध्ये गोळा झालेले होते. त्यावरून त्याला एर्जिक-५३ हे नाव पडले. दहा वर्षे पेशीशास्त्रज्ञ त्याचा उपयोग नकाशावरील खुणेच्या दगडासारखा करत राहिले. त्याच्या अभावी माणसाला काय होते, हे कोणालाच माहीत नव्हते. १९५४ चे ते दोन भाऊ आणि बाझेलचा हा शोध एकाच छोट्या देशातले आहेत आणि तरी दोहोंचा संबंध जुळायला चव्वेचाळीस वर्षे गेली, हे मला फार विलक्षण वाटते.

अर्धविराम

मी संपादनाचे काम करतो, विज्ञान माझा विषय नाही, पण धागा अक्षर न् अक्षर वाचत आहे. एक अडचण मांडतो. आनुवंशिकतेत दोषाची एकच प्रत असणाऱ्या माणसाला आपण ‘वाहक’ म्हणतो. वाहून नेणाऱ्या प्रथिनालाही ‘वाहक’ म्हटले तर ‘वाहकात दोष असलेला वाहक’ अशी वाक्ये तयार होतील आणि वाचणाऱ्या आईबापांचा गोंधळ होईल. माणसासाठी ‘वाहक’ रूढ झाला आहे, तो तसाच ठेवावा.

पेशीजाल यांनी केलेले वर्णन वाचताना मला औदुंबरच्या घाटावरची नाव आठवली. दत्ताचे दर्शन घेऊन माणसे नावेत बसतात, पलीकडे भुवनेश्वरीच्या बाजूला उतरतात आणि नावाडी परत फिरतो. माणसे मुक्कामाला पोहोचली तरी नावाड्याची जागा नदीच असते. या प्रथिनाला ‘नावाडी’ म्हणता येईल का? शास्त्रीय लेखनात ‘मालग्राही’ असा शब्द चालेल, पण बोलताना नावाडी सहज तोंडात बसेल.

पेशीजाल

अर्धविराम, हा शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांपुढेही वापरीन. ‘परत फिरणे’ हा अर्थ त्यात आपसूक येतो आणि या प्रथिनाच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे. फक्त एक भर घालते. या नावाड्याला एकट्याने माणसे चढवता येत नाहीत, त्याला एक मदतनीस लागतो.

त्याची गोष्ट अशी. १९९७ मध्ये मध्यपूर्वेतील ज्यू कुटुंबांच्या अभ्यासातून या आजाराचे जनुक अठराव्या गुणसूत्रावर आहे, एवढे निश्चित झाले. त्याआधी, १९८० मध्ये, एक वेगळेच स्पष्टीकरण पुढे आले होते. क्रियाशील प्रथिन-सी हे फॅक्टर ५ आणि ८ दोघांनाही निकामी करते, तेव्हा त्याला आवरणारे प्रथिन या रुग्णांत नसावे, असा तो तर्क होता. तर्क सुरेख होता, पण रुग्णांमध्ये ते आवरणारे प्रथिन व्यवस्थित असल्याचे लवकरच दिसून आले. मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड गिन्सबर्ग यांच्या गटाने १९९८ मध्ये अठराव्या गुणसूत्रावरचे नेमके जनुक शोधले. ते एर्जिक-५३ चे, म्हणजे आपल्या एलमॅन-१ चे होते. रक्त गोठण्याशी त्याचा काही संबंध असेल, असे तोवर कोणाच्या मनातही आले नव्हते.

एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. काही कुटुंबांत आजार हुबेहूब तोच होता, पण एलमॅन-१ निर्दोष होते. त्याच गटाने २००३ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरील एमसीएफडी-२ हे जनुक दाखवून दिले. त्याचे प्रथिन लहानसे, १४६ अमिनो आम्लांचे आहे, कॅल्शियम धरते आणि एलमॅन-१ ला चिकटून राहते. नावाडी साखरेला धरतो आणि हा मदतनीस फॅक्टर ५ व ८ यांना प्रत्यक्ष ओळखतो. मदतनीस नसेल तर नाव असूनही ही दोन प्रथिने तीत चढत नाहीत. नावाडी नसेल तर मदतनीसही जालिकेत टिकत नाही, तो पेशीबाहेर वाहून जातो, कारण त्याच्याजवळ परतीची स्वतःची खूण नाही. जगभरातील रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये दोष एलमॅन-१ मध्ये आणि बहुतेक उरलेल्यांमध्ये एमसीएफडी-२ मध्ये असतो.

दोन_लेकी

हा धागा वाचून काल रात्री कपाटातली जुनी फाइल काढली. माझ्या थोरल्या लेकीला पाळी सुरू झाल्यापासून अंगावरून फार जाते, हिमोग्लोबिन सातवर आले होते. दोन वर्षांपूर्वी फॅक्टर ८ मोजला होता, तो २२ टक्के होता. व्हॉन विलेब्रांड आजाराची (रक्तस्रावाच्या आणखी एका आनुवंशिक आजाराची) तपासणी केली, ती ठीक आली. पीटीसमोर १९ सेकंद लिहिले आहे आणि कंसात नियंत्रण १३. त्या नोंदीवर कोणी काही बोलले नव्हते. मी काय करावे? शिवाय एक शंका आहे. हे जनुक सगळ्याच पेशींमध्ये असेल, तर दोष फक्त रक्तातच का दिसतो?

निळे_टोपण

ताई, १३ च्या जागी १९ हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रक्तविकारतज्ज्ञांकडे ही जुनी फाइल घेऊन जा आणि ताज्या नमुन्यात पीटी, एपीटीटी, फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ एकाच वेळी मोजण्याविषयी विचारा. शक्यतो जेथे तपासणी होते तेथेच जाऊन रक्त द्या. या आजारात दोन्ही घटक सहसा ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतात, त्यामुळे सांध्यांत रक्त साकळण्यासारखे तीव्र हिमोफिलियाचे प्रकार क्वचितच होतात. घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाळीत जास्त जाणे, दाढ काढल्यावर, शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणानंतर रक्त न थांबणे, हीच बहुधा लक्षणे असतात. निदान लांबते ते याच कारणाने. फॅक्टर ५ नेमका किती येतो ते कळल्याशिवाय मी यापुढे काही म्हणणार नाही, कारण १९ सेकंदांना दुसरीही कारणे असू शकतात.

पेशीजाल

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. एलमॅन-१ जवळजवळ सर्व ऊतींमध्ये असते आणि ते इतर प्रथिनांनाही नेते. कॅथेप्सिन-सी, कॅथेप्सिन-झेड आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन ही त्यांतली काही नावे. पण नावाडी नसलेल्या रुग्णांना या प्रथिनांच्या अभावाचा आजार झालेला दिसत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा पुरेशा आहेत. फॅक्टर ५ व ८ यांचाही थोडा भाग प्रवाहाबरोबर बाहेर पडतोच, म्हणून पातळी शून्यावर जात नाही. फॅक्टर ५ यकृतपेशींमध्ये तयार होतो आणि फॅक्टर ८ मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये. दोन निराळ्या पेशी, पण दोन्हींत नाव चालवणारा तोच. उंदरांमध्ये हे जनुक काढून टाकले तर दोन्ही घटक निम्म्यावर येतात, माणसाइतके खाली जात नाहीत. असे का, हे समजले तर या दुसऱ्या वाटांबद्दल खूप काही कळेल, असे मला वाटते.

आंबोली

आमच्या घरात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत दोन पिढ्यांपासून चालत आली आहे. माझ्या भावाचे लग्न तसेच ठरत आहे. घरात रक्तस्रावाचा त्रास कोणालाही नाही. तरी या धाग्यामुळे मनात धास्ती बसली आहे. फॅक्टर ८ चा आजार आईकडून मुलाला येतो, एवढेच आजवर ऐकले होते.

कृष्णाकाठ

आंबोली, हा भेद नीट समजून घेणे फार गरजेचे आहे. तुम्ही ऐकलेले हिमोफिलियाबाबत खरे आहे. एलमॅन-१ मात्र अठराव्या आणि एमसीएफडी-२ दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, त्यामुळे मुलगा आणि मुलगी यांना आजाराची शक्यता सारखीच असते. एका प्रतीत दोष असलेल्या माणसाला सहसा काहीच त्रास होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने असते.

हा आजार एकंदरीत दहा लाखांत एकाला होतो असा अंदाज आहे. अनोळखी घराण्यांतील दोन वाहक एकमेकांशी लग्न करतील, ही शक्यता फारच कमी. पण आते-मामे भावंडांना आजी-आजोबा सामायिक असतात, आणि आजोबांकडची एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी खाली येऊ शकते. माझी मावसबहीण आणि तिचे यजमान आते-मामे भावंडेच आहेत. त्यांच्या मुलीत दोन्ही प्रतींमध्ये अगदी एकच दोष आहे. तिच्या आईने हा अहवाल वाचून पहिला प्रश्न ‘चूक माझी का?’ असा विचारला. तिला मी जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. यात कोणाची चूक नसते. घरात आजार माहीत नसताना केवळ धास्तीपोटी काही करण्याची आवश्यकता नाही, पण नात्यात लग्न ठरत असेल तर आधी एकदा जनुकीय समुपदेशकांना भेटणे शहाणपणाचे आहे. ते केवळ या एका आजारापुरते पाहत नाहीत.

मुलीच्या धाकट्या भावाची तपासणी आम्ही केली. त्याच्यात एक प्रत सदोष आणि एक चांगली आहे, आणि त्याचे दोन्ही घटक उत्तम आहेत.

पेशीजाल

भारतातील रुग्णांबद्दल लिहायचे राहिले होते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी या आजारावर पुष्कळ आधीपासून काम केले आहे. त्यांनी इटलीतील संशोधकांबरोबर २००५ मध्ये भारतीय कुटुंबांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एमसीएफडी-२ मधील दोष आढळले आणि एलमॅन-१ मध्ये एक नवा दोष सापडला. म्हणून आपल्याकडे केवळ एलमॅन-१ तपासून थांबू नये, दोन्ही जनुके पाहावीत. ज्यांच्यात मदतनीस सदोष असतो त्यांच्यात फॅक्टर ५ आणि ८ सरासरीने थोडे अधिक खाली असतात, असेही निरीक्षण आहे.

उपचारांबद्दलचा मुद्दा कृष्णाकाठ यांनी मांडावा, त्यांना तो प्रत्यक्ष अनुभवातून माहीत आहे.

दोन_लेकी

काल लेकीला घेऊन गेले होते. रक्त तेथेच काढले. फॅक्टर ८ आला २० टक्के आणि फॅक्टर ५ आला ११ टक्के. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मोजून मग जनुकांची तपासणी करायची असे ठरले आहे. धाकटीचीही करणार आहोत. निळे_टोपण आणि कृष्णाकाठ, तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

कृष्णाकाठ

दोन_लेकी, तुमच्या निरोपाची मी रोज वाट पाहत होते. पुढची दिशा तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त आमच्याकडे काय झाले ते लिहिते, म्हणजे तुम्हाला प्रश्न विचारता येतील.

आमच्या मुलीची दुसऱ्या बाजूची दाढही काढावी लागणार होती. या वेळी रक्तविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी आधी एकत्र बसून आराखडा केला. फॅक्टर ८ वेगळा मिळतो, बाटलीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. फॅक्टर ५ चे तसे औषध त्यांच्या हाताशी नव्हते, त्यासाठी फ्रेश फ्रोझन प्लाझ्माच (दात्याचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) द्यावा लागतो. प्लाझ्म्यात फॅक्टर ८ ही असतो, पण केवळ त्यावर तो हवा तेवढा वाढत नाही, म्हणून दोन्ही द्यावे लागतात. दोघांचे रक्तातले आयुष्यही वेगळे आहे. फॅक्टर ८ साधारण बारा तासांत निम्मा होतो आणि फॅक्टर ५ ला त्यासाठी दीड दिवसाच्या आसपास लागतो, त्यामुळे दोघांच्या पुढच्या मात्रांच्या वेळा निराळ्या ठरतात. आधीच्या निदानातला ‘हिमोफिलिया’ एवढाच शब्द हातात धरून पुढे गेलो असतो तर तिला फक्त फॅक्टर ८ मिळाला असता आणि रक्त तरीही वाहत राहिले असते.

सकाळी आठला प्लाझ्मा सुरू केला. पिवळसर पिशव्या हळूहळू रिकाम्या होताना ती पाहत होती आणि ‘यात माझा फॅक्टर ५ दिसतो का?’ असे विचारत होती. दोन्ही घटक मोजून पुरेसे झाल्याची खात्री केल्यावर साडेअकराला दाढ काढली, टाके घातले आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या द्रावणाने चुळा भरायला दिल्या. ते औषध तयार झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. रात्री मी तिच्याजवळ झोपले होते. पहाटे तिच्या आईने उशीचा अभ्रा काढून खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. त्यावर कडेला गुलाबी लाळेचा एक डाग होता, रुपयाएवढा. सातव्या दिवशी टाके विरघळले.

तिच्या शाळेच्या दप्तरात आता एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, रक्तगट, डॉक्टरांचा क्रमांक आणि ‘फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ दोन्ही कमी, अ‍ॅस्पिरिन देऊ नये’ असे लिहिले आहे. दोन_लेकी, पक्के निदान झाले की तुमच्या डॉक्टरांकडून तसे कार्ड दोघींसाठी मागून घ्या. मजकूर कसा असावा यासाठी हवे असेल तर आमच्या कार्डाचा नमुना मी येथे टाइप करून देते.